भाडेकरूची पत आणि घरमालकाची खात्री

(चितेगाव, ता. पैठण, जि. छत्रपती संभाजीनगर येथे ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक आणि खोल्या भाड्याने देणारे ग्रामस्थ यांच्यासमोर एका निवृत्त बँक अधिकाऱ्याने केलेल्या भाषणाचा मजकूर.)



आपण मला जो विषय दिला आहे, तो वरवर पाहता लहानसा वाटतो. खोली भाड्याने देण्यापूर्वी भाडेकरूचे ‘सिबिल’ पाहावे की पाहू नये, एवढाच तो प्रश्न. परंतु या प्रश्नाच्या पोटात घरमालकाची आयुष्यभराची पुंजी आहे, परगावाहून पोटासाठी आलेल्या माणसाची अब्रू आहे आणि एका माणसाविषयीची माहिती दुसऱ्याने किती घ्यावी हा कायद्याचा मुद्दाही आहे. बँकेच्या कर्जविभागात माझी उमेदीची वर्षे गेली आणि निवृत्तीनंतर स्वतःच्या दोन खोल्या मी भाड्याने दिल्या. त्यामुळे काउंटरच्या दोन्ही बाजूंनी मी हा प्रश्न पाहिला आहे, एवढेच माझे अधिकारपद.

चितेगावात हा विषय का निघाला, हे आपणांस सांगावयास नको. पैठणच्या रस्त्यावर 14 व्या किलोमीटरच्या दगडाजवळ व्हिडिओकॉनचा कारखाना उभा राहिला आणि शेती करणाऱ्या या गावाला कारखान्याच्या भोंग्याची सवय झाली. कामगार आले, त्यांच्यामागे ठेकेदार आले, खानावळी आल्या, आणि ज्याच्या दारात चार पत्र्यांची जागा होती त्याने खोल्या बांधल्या. जालना, बीड, परभणी येथून मुले आली. पुढे बिहार आणि उत्तर प्रदेशातूनही आली. 2018 मध्ये त्या कंपनीविरुद्ध दिवाळखोरीची कार्यवाही सुरू झाली, तेव्हा अशा खोल्यांच्या अर्थव्यवस्थेला केवढा हादरा बसतो हे आपण जवळून पाहिले. आता पलीकडे बिडकीनची औद्योगिक वसाहत उभी राहत आहे आणि खोल्यांची मागणी पुन्हा वाढते आहे. नव्या भाडेकरूची नीट चौकशी करण्याची गरज घरमालकांना वाटू लागली आहे, ती या पार्श्वभूमीवर. ती गरज खरी आहे. ज्याने जमिनीचा मोबदला किंवा भविष्यनिर्वाह निधी घालून, वर बँकेचे कर्ज काढून चार खोल्या उभ्या केल्या, त्याचा भाडेकरू तीन महिन्यांचे भाडे आणि विजेचे बिल थकवून रात्रीतून निघून गेला, तर हप्ता मालकाच्याच खात्यातून कापला जातो आणि वीजबिलही मालकाच्याच नावाने येते. त्याला कोणी ‘माणुसकी ठेवा’ असे नुसते सांगितले, तर तो ऐकणार नाही; आणि त्याने का ऐकावे?

पूर्वी ही चौकशी होत नसे असे नव्हे. आपल्याकडे ‘पत’ हा शब्द फार जुना आहे. बाजारात ज्याची हुंडी चालते त्याची पत. दुकानदार ज्याच्या नावे वहीत उधारी लिहितो त्याची पत. पतसंस्था, पतपुरवठा हे शब्द त्यातूनच आले. गावात खोली मागणाऱ्या माणसाला पहिला प्रश्न विचारला जाई तो ‘कोणत्या गावचे, पाव्हणे?’ आणि दुसरा ‘इथं कोण ओळखीचं?’ ओळखीचा माणूस म्हणजे जामीन. तिसरा प्रश्न बहुधा उघड विचारला जात नसे, आडनावावरून त्याचे उत्तर काढले जाई, आणि त्या उत्तरावर किती माणसांना दारातून परत जावे लागले याची नोंद कोणत्याही वहीत नाही. हे मी मुद्दाम बोलतो आहे, कारण आडनाव, धर्म किंवा चुलीवर काय शिजते हे पाहून खोली नाकारण्यापेक्षा पगाराची चिठ्ठी पाहून नाकारणे शतपटीने बरे, असे माझे स्पष्ट मत आहे. कागद निदान सर्वांना सारखाच विचारता येतो. पतअहवालाच्या बाजूने बोलण्यासारखे जे काही आहे, त्यातील सर्वांत वजनदार मुद्दा मला हाच वाटतो.

आता हा अहवाल म्हणजे काय ते पाहू. भारतात 2000 साली क्रेडिट इन्फर्मेशन ब्युरो स्थापन झाला. त्याच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘सिबिल’ हे नाव रूढ झाले आणि आता तर ते सामान्यनामच होऊन बसले आहे. वस्तुतः अशा चार संस्था आज देशात आहेत : ट्रान्सयुनियन सिबिल, एक्स्पीरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. बँका, वित्तकंपन्या आणि सूक्ष्मवित्त संस्था आपल्या कर्जदारांची माहिती या संस्थांना देतात; 1 जानेवारी 2025 पासून ती दर पंधरवड्याला द्यावी, असा दंडक रिझर्व्ह बँकेने घातला होता. त्या माहितीवरून 300 ते 900 यांमधील एक आकडा काढला जातो. आकडा जितका मोठा, तितकी कर्जफेडीची शक्यता अधिक, असा त्याचा अर्थ. आकड्याच्या मागे सविस्तर अहवाल असतो : कोणते कर्ज कधी घेतले, किती बाकी आहे, गेल्या 36 महिन्यांत कोणता हप्ता किती दिवस उशिरा भरला, कर्ज तडजोडीने मिटवले किंवा निर्लेखित झाले काय, आणि कोणकोणत्या संस्थेने केव्हा चौकशी केली.

या यादीत एक गोष्ट नाही, याकडे आपले लक्ष वेधतो. घरभाडे नाही. ज्याने पंधरा वर्षे दर महिन्याच्या पाच तारखेला न चुकता भाडे दिले, त्याच्या त्या प्रामाणिकपणाची एकही ओळ सर्वसाधारणपणे या अहवालात उमटत नाही. तो माणूस कर्जाच्या वाटेला कधी गेलाच नसेल, तर त्याच्या नावापुढे ‘इतिहास नाही’ अशा अर्थाची खूण येते. अनेक घरमालक त्या खुणेचा अर्थ ‘सिबिल खराब’ असा करतात. वास्तविक तिचा अर्थ इतकाच की, हा गृहस्थ कोणाचे देणे लागत नाही! उलट बारा हजारांच्या मोबाइल फोनचे दोन हप्ते चुकले, तर ती नोंद वर्षानुवर्षे डोळ्यांसमोर राहते.

आकड्याने आणखी एक फसगत होते, ती मी उदाहरणाने सांगतो. समजा, दोन तरुण खोली पाहावयास आले. दोघांचाही पगार हातात 18,000 रुपये पडतो आणि खोलीचे भाडे 4,000 रुपये आहे. पहिल्याचा आकडा 640. कारण मागे त्याचे काम सुटले, तेव्हा दुचाकीचे हप्ते तुंबले. आज तो दुचाकीपोटी 3,200 आणि पत्नीच्या बचतगटाच्या कर्जापोटी 2,400 भरतो. भाडे दिल्यावर त्याच्या हाती 8,400 रुपये उरतात. दुसऱ्याचा आकडा 780, म्हणजे उत्तम. परंतु त्याचे सगळे हप्ते मिळून 9,500 रुपये जातात. भाडे दिल्यावर त्याच्या हाती 4,500 रुपये उरतात आणि तेवढ्यात त्याला बायकामुलांसह महिना काढावयाचा आहे. कोणाचे भाडे आधी थकेल? बँकेत असताना आम्ही कर्ज देताना आकडा पाहत होतो, पण त्याहून आधी ही वजाबाकी करत होतो. घरमालकाला वजाबाकीच पुरेशी आहे. तिच्यासाठी कोणत्याही संस्थेचा अहवाल लागत नाही.

आणि माणूस अडचणीत आला की काय करतो, हेही पाहिले पाहिजे. मी वसुलीसाठी कामगार वस्त्यांतून पुष्कळ हिंडलो आहे. पगार थांबला की घरातील स्त्री पैसे वाटून ठेवते. पहिले पीठमिरची, दुसरे मुलांची फी, तिसरे खोलीचे भाडे, आणि आमचा हप्ता सर्वांत शेवटी. त्यावेळी मला राग येई. आज विचार करतो तेव्हा वाटते, त्या बाईचा क्रम बरोबर होता. बँक दार ठोठावील, घरमालक दार बंद करील. म्हणून ज्याने कर्जाचा हप्ता चुकवला, तो भाडेही चुकवील, हा तर्क दिसतो तितका सरळ नाही. विशेषतः ज्या गावात एक मोठा कारखाना बंद पडल्यावर शेकडो घरांचे उत्पन्न एकाच वेळी आटते, त्या गावात आकडा खाली जातो तो माणसाची नियत बिघडल्यामुळे नव्हे. मालकाच्या दिवाळखोरीची नोंद मजुराच्या नावावर होते, एवढाच त्याचा अर्थ. शेतीचेही तसेच आहे. पावसाने दगा दिला की पीककर्ज थकते. म्हणूनच पीककर्ज देताना सिबिलची अट घालू नये, असे राज्य शासनाने बँकांना वेळोवेळी बजावले आहे. शेतकऱ्याने बँकेत जी अट नको म्हणावयाची, तीच त्याने स्वतःच्या खोलीसाठी आलेल्या मजुराला घालावी, हे मला तरी पटत नाही.

आता कायदा. 2005 साली संसदेने प्रत्ययविषयक माहिती कंपन्यांचा, म्हणजे क्रेडिट इन्फर्मेशन कंपन्यांचा, विनियमन कायदा केला. त्या कायद्याने ही माहिती कोणाला मिळावी हे ठरवून दिले आहे. कर्ज देणाऱ्या संस्था आणि नियमांत नमूद केलेले ‘विनिर्दिष्ट वापरकर्ते’ यांनाच ती मिळू शकते, आणि ज्याची माहिती आहे त्या व्यक्तीला स्वतःला. चितेगावातला किंवा मुंबईतला साधा घरमालक या यादीत बसत नाही. कायद्याने दिलेल्या अधिकाराशिवाय अशी माहिती मिळवणे हा दंडनीय गुन्हा आहे. ‘बँकेत आपला माणूस आहे, त्याच्याकडून पाहून घेऊ’ ही आपल्याकडील सर्वांत सोपी आणि सर्वांत धोक्याची वाट होय.

या वाटेचा एक अनुभव मला सांगितला पाहिजे. मी सेवेत असताना माझ्या एका जिवलग स्नेह्याने शहरात घर बांधले. वरच्या मजल्यासाठी एक तरुण कुटुंब आले. स्नेही मला म्हणाले, “याचा पॅन नंबर देतो, सिबिल बघून सांग. तुला काय, दोन मिनिटांचे काम.” खरोखरच दोन मिनिटांचे काम होते. मी नकार दिला. ते रागावले आणि वर्षभर आमचे बोलणे बंद राहिले. पण त्यांनी तोच अहवाल दुसऱ्या कोणाकडून तरी मिळवला. त्यात एक बुडीत कर्ज दिसले. त्या तरुणाला त्यांनी ‘घरातलेच पाहुणे येणार आहेत’ असे सांगून परत पाठवले. पुढे तोच तरुण योगायोगाने आमच्या शाखेत गृहकर्जासाठी आला. रीतसर अर्ज घेऊन, त्याच्या संमतीने आम्ही अहवाल काढला, तेव्हा ते बुडीत कर्ज मलाही दिसले. चौकशी केली तर ते त्याचे नव्हतेच. नावसाधर्म्यामुळे दुसऱ्या कोणाची नोंद त्याच्या खात्यावर चढली होती. तक्रार केल्यावर ती निघाली. गृहकर्ज मिळाले. परंतु आदल्या वर्षी आपल्याला खोली का नाकारली गेली, हे त्याला त्या दिवसापर्यंत माहीत नव्हते, आणि मीही त्याला सांगितले नाही. माझ्या स्नेह्याचे गुपित फुटले असते. आजही ते माझ्या मनाला लागून राहिले आहे.

परदेशांत याचा विचार अधिक काटेकोरपणे झाला आहे. अमेरिकेत घरमालक भाडेकरूचा पतअहवाल कायदेशीर मार्गाने मागवू शकतो. तेथे ती नित्याची बाब आहे. परंतु 1970 च्या त्यांच्या कायद्याने एक अट घातली आहे. अहवालामुळे घर नाकारले, किंवा अधिक अनामत मागितली, तर तसे भाडेकरूला कळवावे लागते. अहवाल कोणत्या संस्थेचा होता तेही सांगावे लागते, आणि त्यानंतर 60 दिवसांच्या आत तो भाडेकरू तोच अहवाल विनामूल्य मागवून त्यातील चूक दाखवून देऊ शकतो. इंग्लंडमध्ये 2019 च्या कायद्यापासून अशा चौकशीचा खर्च भाडेकरूवर टाकण्यास मनाई आहे. आणि गंमत अशी की, आपली मुले नोकरीसाठी न्यूजर्सीला जातात, तेव्हा तेथील घरमालकाच्या लेखी त्यांचीही पत ‘इतिहास नाही’ अशीच असते. पुण्यात गृहकर्जाचे हप्ते वेळेवर फेडल्याचे तेथे कोणी विचारात घेत नाही. मग कंपनीचे पत्र दाखवा, जादा अनामत भरा किंवा ओळखीचा हमीदार आणा, असे सांगितले जाते. बिहारमधून चितेगावात आलेल्या मुलाची आणि चितेगावातून अमेरिकेत गेलेल्या मुलाची अडचण मुळात एकच आहे.

मग घरमालकाने करावे काय? मला सुचते ते सांगतो. क्रमाचा आग्रह नाही.

भाडेकरूकडून गेल्या तीन महिन्यांच्या पगाराची चिठ्ठी किंवा बँक खात्याचा उतारा पाहावा. ठेकेदाराकडे काम करणाऱ्यांना चिठ्ठी मिळत नाही, हे मला ठाऊक आहे. तेथे खात्यावर जमा होणारी रक्कम पाहावी, आणि रोखीने मजुरी मिळत असेल तर ठेकेदाराशी बोलावे. आधीच्या घरमालकाला फोन करावा. माझ्या अनुभवात या एका फोनाइतकी उपयुक्त चौकशी दुसरी नाही. मात्र त्याच्याशी बोलताना नेमके विचारावे : भाडे कोणत्या तारखेला येई, वीजबिल थकले होते काय, खोली सोडताना किती दिवस आधी सांगितले. ‘माणूस कसा आहे?’ असा सैल प्रश्न विचारला की सैल उत्तर मिळते, आणि कधी कधी नको तो भाडेकरू लवकर जावा म्हणून जुना मालक त्याची तोंडभर स्तुतीही करतो. सहकारी कामगारांपैकी एखाद्याने लेखी हमी दिली तर ती घ्यावी, पण ती किती रकमेची, हे स्पष्ट लिहावे.

इतके करूनही कोणाला पतअहवाल पाहावयाचाच असेल, तर सरळ मार्ग एकच. भाडेकरूनेच तो स्वतः काढावा आणि राजीखुशीने दाखवावा. प्रत्येक संस्थेकडून कॅलेंडर वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल विनामूल्य मिळण्याचा त्याला हक्क आहे. स्वतःचा अहवाल स्वतः काढल्याने आकडा कमी होत नाही. ती भीती निराधार आहे. मालकाने तो पाहावा, आज कोणता हप्ता थकलेला आहे आणि महिन्याचे एकूण हप्ते किती आहेत एवढेच टिपून घ्यावे, आणि कागद परत द्यावा. त्या अहवालात पॅन क्रमांक, जुने पत्ते, दूरध्वनी क्रमांक, कर्जखात्यांचा तपशील असे सर्व काही असते. तो मोबाइलमध्ये साठवून ठेवणे, भावकीच्या गटावर पाठवणे, दलालाच्या हाती देणे, हे प्रकार थांबलेच पाहिजेत. आधार कार्डाची प्रत घ्यावयाची तर केवळ शेवटचे चार अंक दिसणारी प्रत पुरते. व्यक्तिगत अंकीय माहितीच्या संरक्षणासाठी 2023 मध्ये संसदेने स्वतंत्र कायदा केला आहे. त्याचा रोख मोठ्या संस्थांकडे असला, तरी दुसऱ्याची माहिती ही दुसऱ्याची आहे, हे त्यामागील सूत्र चार खोल्यांच्या मालकानेही ध्यानात घेण्याजोगे आहे.

भाडेकरूच्या अहवालात चूक निघाली तर त्याने संबंधित पतसूचना संस्थेकडे आणि कर्ज देणाऱ्या संस्थेकडे तक्रार करावी. 30 दिवसांत दुरुस्ती झाली नाही, तर पुढील प्रत्येक दिवसाला 100 रुपये भरपाई देण्याचे बंधन रिझर्व्ह बँकेने 2023 मध्ये घातले आहे. तेथेही दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते, आणि त्यासाठी पैसे पडत नाहीत. ‘सिबिल साफ करून देतो’ म्हणून पाच-दहा हजार मागणारे लोक कारखान्यांच्या फाटकांबाहेर फिरत असतात. खरी नोंद कोणालाही पुसता येत नाही, आणि खोटी नोंद फुकट निघते. मग हे पैसे कशाचे? शिक्षकबंधूंनी ही एवढी एक गोष्ट पालकसभेत सांगितली, तरी पुष्कळांचे पैसे वाचतील.

चौकशीपेक्षाही लेखी कराराला मी अधिक महत्त्व देतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 च्या कलम 55 अन्वये भाडेकरार लेखी आणि नोंदणीकृत असणे बंधनकारक आहे, आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकावर आहे. करार तोंडी राहिला आणि वाद उद्भवला, तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे, अन्यथा सिद्ध होईपर्यंत, खरे धरले जाते. हे वाक्य घरमालकांनी दोनदा वाचावे. हा अधिनियम त्याच्या अनुसूचीतील आणि अधिसूचित क्षेत्रांना लागू होतो. परंतु कायद्याची हद्द कोठे संपते याची वाट न पाहता ग्रामीण भागातही अनुमती-परवाना करार नोंदवून घेणे शहाणपणाचे आहे. नोंदणी आता घरबसल्या संगणकावर होते आणि ग्रामीण भागात तिचे शुल्क शहराच्या मानाने कमी आहे. अनामत किती घ्यावी? केंद्र शासनाने 2021 मध्ये राज्यांसमोर ठेवलेल्या आदर्श भाडे कायद्यात निवासी जागेसाठी दोन महिन्यांच्या भाड्याहून अधिक अनामत नसावी असे म्हटले आहे. तो नमुना आहे, राज्याने स्वीकारल्याशिवाय बंधनकारक नाही; पण प्रमाण म्हणून तो वाजवी आहे. दोन महिन्यांची अनामत हाती असेल आणि करारात सूचनेचा कालावधी लिहिलेला असेल, तर अनोळखी भाडेकरूचा धोका बराचसा मर्यादित होतो. विजेसाठी वेगळा सबमीटर बसवावा आणि दर महिन्याचा आकडा दोघांनी मिळून वहीत लिहावा. निम्मी भांडणे तेथेच मिटतात.

पोलिसांना भाडेकरूची माहिती देणे ही निराळी गोष्ट आहे, तिची पतचौकशीशी गल्लत करू नये. जेथे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 163 अन्वये तसा आदेश लागू असतो, तेथे ती माहिती दिलीच पाहिजे. ती कोण राहते यासाठी आहे, कोणाचे किती देणे आहे यासाठी नव्हे.

ग्रामपंचायतीला एक विनंती आहे. काही सदस्यांनी मघाशी सुचवले की, पंचायतीनेच भाडेकरूंची एक यादी ठेवावी आणि भाडे बुडवणाऱ्यांची नावे फलकावर लावावीत. कृपा करून हे करू नका. फलकावर चढलेले नाव उतरवण्याची कोणतीही रीत आपल्याकडे नाही, आणि भाडे बुडवल्याचे ठरवणार कोण? मालक म्हणेल बुडवले, भाडेकरू म्हणेल अनामतीतून वळते केले. या दोघांमध्ये पंचायतीने न्यायाधीश होऊ नये. त्याऐवजी पंचायतीला एक सोपे काम करता येईल. भाडेपावतीचा एक छापील नमुना तयार करावा : तारीख, महिना, रक्कम, वीज आकडा आणि दोघांच्या सह्या. ज्या खोल्यांची घरपट्टी पंचायत घेते, त्या प्रत्येक मालकाला असे एक पावतीपुस्तक द्यावे. भाडेकरूकडे दोन वर्षांच्या चोवीस पावत्या जमल्या की त्याची खरी पत त्याच्या पिशवीत असते. पुढच्या गावी तो त्या दाखवू शकतो आणि त्यासाठी त्याला कोणत्याही बँकेचा कर्जदार व्हावे लागत नाही. आज अनेक मालक पावती देण्याचे टाळतात, हे सर्वांना माहीत आहे. त्याची कारणेही माहीत आहेत. ज्याला भाडेकरूचा तीन वर्षांचा हिशेब पाहावासा वाटतो, त्याने स्वतःचा एका महिन्याचा हिशेब लिहून देण्यास कचरू नये. शिक्षकबंधूंनाही मुख्यालयी राहत असल्याच्या पुराव्यासाठी या पावत्या उपयोगी पडतील. त्या विषयात अधिक खोल मी शिरत नाही, नाहीतर प्रश्नोत्तरांचा वेळ त्यातच जाईल!

शेवटी याच रस्त्यावरच्या एका मावशींची गोष्ट सांगतो. त्यांच्या सहा खोल्या आहेत. कारखान्यातले काम गेले तेव्हा त्यांच्या दोन भाडेकरूंचे चार-चार महिन्यांचे भाडे थकले. मी विचारले, “मावशी, तुम्ही त्यांना काढलं कसं नाही?” त्या म्हणाल्या, “काढून काय, खोली रिकामीच राहिली असती ना भाऊ? नवा कोण येणार होता त्या वक्ताला?” हा व्यवहारी हिशेब होता, दया नव्हती, हे त्यांनीच मला बजावून सांगितले. एकाने पुढे मजुरी करून सारे भाडे फेडले. दुसरा गावी गेला तो परत आला नाही. त्याचे पैसे बुडाले. पहिल्याच्या दुचाकीचे कर्ज मात्र त्या काळात थकीतच होते आणि त्याचा आकडा आजही कमी आहे. दुसऱ्याच्या नावावर कसलेही कर्ज नव्हते. मावशींनी त्या वेळी दोघांचे अहवाल पाहिले असते, तर कोणाला ठेवले असते आणि कोणाला घालवले असते, ते आपणच ठरवा.

पावतीच्या नमुन्याच्या काही प्रती मी बरोबर आणल्या आहेत, त्या ग्रामपंचायत अधिकाऱ्यांकडे ठेवतो. त्यात काही रकाना राहून गेला असेल तर आत्ताच सांगावा, म्हणजे छपाईपूर्वी तो घालता येईल. मावशींनी एक सुचवलाच आहे : पाण्याच्या टँकरचा हिस्सा. तो मी पेनाने लिहून घेतला आहे.